मेनसेल फर्लर अडकतो तेव्हा नक्की काय अडकलेलं असतं

छोट्या बोटीवर मेनसेल फर्लिंग, म्हणजे मुख्य शीड गुंडाळून ठेवायची सोय, बसवलेली माणसं मला दोनच प्रकारची भेटलीत, एक जे म्हणतात की आता परत जुन्या पद्धतीकडे जाणं नाही, आणि दुसरे जे दर वेळी शीड बाहेर काढताना पोटात गोळा घेऊन दोर ओढतात. गंमत म्हणजे दोघांच्या बोटीवर बरेचदा तीच सिस्टिम असते, अगदी त्याच कंपनीची. त्यामुळे "कुठला फर्लर चांगला" ही चर्चा मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. फर्लर म्हणजे शेवटी एक फिरणारा दांडा, त्याच्यावर कापड गुंडाळलं जातं, बस. ते कापड कुठल्या कोनातून येतंय, त्याच्यावर ताण किती आहे आणि दोर मोकळा फिरतोय का, या तीन गोष्टी जमल्या की साधी सिस्टिमसुद्धा वर्षानुवर्षं चालते, आणि नाही जमल्या तर महागातली पण अडकते.

आधी प्रकार सांगतो, कारण बिघाड शोधायचा तर आपल्याकडे काय आहे हे माहीत हवं. पहिला इन-मास्ट, म्हणजे मास्टच्या (शिडाच्या उभ्या खांबाच्या) पोकळीत उभा दांडा असतो (त्याला फॉइल म्हणतात) आणि शीड मागच्या खोबणीतून आत जाऊन त्याच्यावर गुंडाळलं जातं. १९७० च्या दशकात अमेरिकेतले शीड बनवणारे टेड हुड यांच्या कंपनीची स्टोवे मास्ट आली आणि ही कल्पना मोठ्या क्रूझिंग बोटींवर रुळली. दुसरा बिहाइंड-मास्ट, जुन्या मास्टच्या मागे वेगळी फॉइल उभी करायची, ब्रॅकेट लावून किंवा अख्खी प्रोफाइल रिव्हेट करून. तिसरा इन-बूम, शीड खाली येऊन बूमच्या (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याच्या) आत गुंडाळलं जातं. आणि अगदी लहान बोटींचा चौथा प्रकार, ज्यात मास्टच फिरते आणि शीड तिच्याभोवतीच गुंडाळलं जातं, होबी कंपनीच्या पेडलवाल्या ट्रायमरानवर असंच आहे. लेझर डिंगीवरही वारा वाढला की शीड मास्टभोवती एखादा वेढा देऊन कमी करतात, तिथं यंत्र असं काहीच नाही.

आता छोट्या बोटीला, समजा २० ते ३० फुटी, यातलं काय लावावं? इन-मास्ट हवं असेल तर मास्टच बदलावी लागते, त्यामुळे बहुतेकांसाठी तो विषय तिथंच संपतो. राहतात बिहाइंड-मास्ट आणि इन-बूम. बिहाइंड-मास्ट तुलनेत सोपं, पण लहान बोटीवर एक गोष्ट नीट विचारात घ्यायला हवी ती म्हणजे उंचावरचं वजन. फॉइल वर, स्विव्हल (शिडाच्या डोक्याशी फिरणारा सांधा) वर, आणि रीफ केल्यावरसुद्धा, म्हणजे वारा वाढला म्हणून शीड कमी केल्यावरसुद्धा, गुंडाळलेलं शीड वरच राहतं, साध्या स्लॅब रीफिंगमध्ये, म्हणजे शीड थोडं उतरवून बांधण्यात, ते खाली बूमवर आलेलं असतं. बोट लहान आणि हलकी असेल तर हा फरक जोराच्या वाऱ्यात कलण्यामध्ये स्पष्ट जाणवतो. इन-बूममध्ये हे वजन खाली येतं, आडव्या बॅटन (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) ठेवता येतात, शिडाचा आकार चांगला राहतो, पण कोनाच्या बाबतीत ती अजिबात माफ करत नाही, त्याच्याकडे येतोच. माझं स्पष्ट मत असं की २० फुटांच्या आतल्या बोटीला चांगलं स्लॅब रीफिंग आणि लेझी जॅक (उतरणारं शीड बूमवर झेलणाऱ्या दोऱ्या) पुरे होतात. पण एकट्याने बोट चालवणारे, गुडघे-खांदे दुखणारे, ज्यांना उसळत्या डेकवर मास्टपाशी जाऊन उभं राहायचं नाहीये, त्यांच्यासाठी फर्लिंग म्हणजे समुद्रात जात राहता येणं आहे, आणि त्याला चोचले म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो.

बिहाइंड-मास्ट बसवताना सगळ्यात आधी मास्ट खाली उतरवा. उभ्या मास्टवर बोसन चेअरमध्ये (दोराने वर ओढलेल्या खुर्चीत) लटकून भोकं पाडणारे लोक आहेत, करू नका, सरळ रेषा येतच नाही. मास्ट ट्रेसलवर आडवी ठेवायची, वरून खालपर्यंत दोरा ताणायचा आणि प्रत्येक ब्रॅकेटची जागा त्या दोऱ्यावरून आखायची. फॉइलचे तुकडे जोडलेले असतात, तो प्रत्येक सांधा बोटाने चाचपून बघा, कडेला जरा जरी धार असली तर घासून गुळगुळीत करा कारण लफ टेप (शिडाच्या पुढच्या कडेची, म्हणजे लफची, खोबणीत जाणारी पट्टी) तिथंच अडकणार आणि तिथंच फाटणार. लफ टेपची जाडी फॉइलच्या खोबणीला जुळते का हे सेलमेकरला आधी विचारा, नंतर नाही. स्टेनलेस स्क्रू किंवा रिव्हेट ॲल्युमिनियममध्ये कोरडे घालू नका, ड्युरालॅक किंवा टेफ-जेलसारखी गंजरोधक पेस्ट लावूनच घाला, खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड दिसायला लागते आणि काही वर्षांनी तो स्क्रू निघतही नाही. शक्य असेल तिथं मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट वापरा.

फॉइलला ताण द्यावा लागतो, नाहीतर ती मधे झोल खाते. सुट्या उभ्या फॉइलचा झोल वाऱ्याच्या आडोशाकडे जातो आणि शिडाचं पोट वाढतं, नेमकं तेव्हा जेव्हा ते सपाट हवं असतं. पण हा ताण मास्टला खाली दाबतो, त्यामुळे जुनी बारीक मास्ट असेल तर मास्ट आणि तिच्या खालचा आधार एखाद्या जाणकार रिगरला (मास्ट आणि दोरांचं काम करणाऱ्याला) दाखवून मगच पुढे जा.

जुनं शीड वापरता येईल का हा प्रश्न हमखास येतो. येतं, पण कापून. मास्टवर गुंडाळायचं तर आडव्या बॅटन काढाव्या लागतात, आणि बॅटन गेल्या की मागच्या कडेचा बाहेर आलेला भाग, म्हणजे रोच, उभा राहू शकत नाही, म्हणून लीच, म्हणजे ती मागची कड, थोडी आत वळवून कापतात. क्षेत्रफळ कमी होतं हे मान्य करूनच चालायचं. उभ्या बॅटन टाकून थोडं परत मिळवता येतं. पण शीड ताणून ताणून पोट सुटलेलं असेल तर त्याच्यावर पैसे घालू नका! पोट सुटलेलं कापड सपाट गुंडाळलंच जात नाही, मधे फुगा राहतो, आणि तो फुगा इन-मास्टच्या खोबणीत दुमडून बसला की झालं. अडकलेल्या फर्लरच्या तक्रारी ऐकतो त्यात मला पहिला संशय नेहमी म्हाताऱ्या शिडाचा येतो. बिहाइंड-मास्टमध्ये गुंडाळलेलं शीड उन्हात उघडंच असतं, म्हणून लीच आणि फूटला (खालच्या कडेला) ऊन अडवणारी यूव्ही पट्टी शिवून घ्याच.

आता कोन. चटई गुंडाळताना सुरुवात जरा तिरकी झाली तर शेवटी एक टोक केवढं बाहेर येतं ते सगळ्यांनी पाहिलंय, इन-बूममध्ये तेच होतं. बूम आणि मास्टमधला वरचा कोन साधारण ८७ अंश ठेवायला सांगतात, काटकोनापेक्षा किंचित कमी, म्हणजे लफची जाड कड वेढ्यावर वेढा चढून गठ्ठा होण्याऐवजी हळूहळू मागे सरकत बसते. बूम जास्त खाली असेल तर लफ पुढे पुढे येऊन गूसनेकपाशी (बूम आणि मास्टच्या सांध्यापाशी) कोंबली जाते आणि जॅम होते, बूम जास्त वर असेल तर लफ मागे पळते आणि शिडाला तिरक्या चुण्या पडतात. म्हणून इन-बूमला रिजिड व्हँग (बूमला खालून धरणारा ताठ दांडा) लागतोच, दोरीच्या टॉपिंग लिफ्टवर (बूमचं मागचं टोक वरून धरणाऱ्या दोरीवर) अंदाजाने काम होत नाही. एकदा बरोबर कोन सापडला की व्हँगच्या दोरावर पक्की खूण करा. बॅटनसुद्धा बूमला समांतर हव्यात, नाहीतर गुंडाळी फुगते. खाली घेताना हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) एकदम सोडून देऊ नका, विंचवर (दोर ओढायच्या चरकावर) एक-दोन वेढे ठेवून जरा ओढ राहू द्या, सैल गुंडाळी हीच पुढच्या वेळची अडचण असते.

इन-मास्ट आणि बिहाइंड-मास्टमध्येही बूमची उंची बघावी लागते, फक्त कारण वेगळं. बूम खूप खाली असली की लीच ताणलेली आणि फूट सैल, वर असली की उलट, आणि जी बाजू सैल ती ढिली गुंडाळली जाते. मी मेनशीट (बूम आत-बाहेर करणारा दोर) आणि व्हँग मोकळा करून टॉपिंग लिफ्टने बूम किंचित वर घेतो, शीड आत जाताना चुण्यांकडे बघत बघत. आउटहॉल (शिडाचं मागचं टोक बूमवर मागे ओढणारा दोर) पूर्ण सोडायचा नाही, हातात थोडी ओढ ठेवून सोडत राहायचं. बाहेर काढताना तेच उलट, फर्लिंग लाइनला (फॉइल फिरवणाऱ्या दोराला) हलकी ओढ, नाहीतर ड्रमवर (फॉइलच्या बुडाच्या रिळावर) दोर सैल गुंडाळला जातो, एक वेढा दुसऱ्याच्या खाली घुसतो आणि मग ऐन वाऱ्यात लाइन हलत नाही.

बोट अगदी वाऱ्याच्या तोंडावर धरू नका, शीड फडफडतं आणि फडफडणारं कापड घट्ट गुंडाळता येत नाही. जरा एका बाजूने वारा घ्या. कुठल्या बाजूने ते तुमच्या मास्टवर अवलंबून, फॉइल ज्या दिशेने फिरते त्यानुसार एका टॅकवर (म्हणजे वारा एका बाजूने घेताना) कापड खोबणीतून सरळ आत जातं आणि दुसऱ्या टॅकवर खोबणीच्या कडेवर घासत दुमडत जातं. हलक्या वाऱ्याच्या दिवशी दोन्ही टॅकवर करून बघा, फरक हाताला लगेच कळतो, आणि मग मास्टच्या बुडाशी बाण काढून ठेवा. बॅकस्टे (मास्टला मागून धरणारी तार) ताणून मास्ट वाकवलेली असेल तर गुंडाळण्याआधी ती सरळ करा, वाकलेल्या मास्टमध्ये फॉइल आतून घासते. हॅलयार्डचाही अतिरेक नको, कमी ताण असेल तर लफला आडव्या चुण्या पडतात आणि जास्त असेल तर बेअरिंगवर उगाच भार येतो.

बिघाड शोधताना लोक एकाच वेळी सगळं बदलून बघतात आणि मग कशाने सुटलं ते कळतच नाही. त्यापेक्षा बंदरात, वारा नसताना, शीड उतरवा आणि फॉइल हाताने फिरवा. जड फिरत असेल तर दोष बेअरिंगचा किंवा फॉइल कुठंतरी टेकतेय. हलकी फिरत असेल तर आता लाइन लावून कॉकपिटमधून ओढून बघा, इथं जड झालं तर कप्प्या बघा, एखादी कप्पी फिरतच नसते, किंवा ड्रमच्या आधीची कप्पी अशा जागी असते की दोर ड्रमवर तिरका जातो, तो काटकोनात गेला पाहिजे. बूमवर सरकणारी आउटहॉल कार मिठाने घट्ट झालेली असणं हे तर इतकं कॉमन आहे, आणि तरी तिच्याकडे शेवटी लक्ष जातं! हे सगळं मोकळं निघालं तर दोष शिडात, कोनात किंवा ताणात आहे, आणि मग वर लिहिलेलं एक एक करून बघायचं.

एक बिघाड वेगळा ओळखता यायला हवा, कारण तिथं जोर लावला तर नुकसान मोठं होतं. सुरुवातीला दोन-चार फेरे छान फिरतं आणि मग एकदम दगड. वर बघा, हॅलयार्ड फॉइलभोवती गुंडाळली जात असते. स्विव्हलचा वरचा भाग स्थिर राहायला हवा आणि खालचा फिरायला हवा, पण हॅलयार्ड फॉइलला जवळपास समांतर येत असेल तर ती ओढली जाऊन सोबत फिरते. साधारण १० अंशांचा कोन मिळाला तर हे होत नाही. बरेचदा कारण इतकंच असतं की शीड आखूड आहे आणि स्विव्हल फार खाली राहतंय, शिडाच्या डोक्याला डायनीमा दोराचा छोटा तुकडा लावून ते वर नेलं की प्रश्न संपतो. मात्र फॉइलच्या टोकाच्या वर जाऊ देऊ नका. हे कळेपर्यंत विंच लावलात तर फॉइलचं टोक पिळवटतं.

समुद्रात अर्धं शीड बाहेर आणि अर्धं आत अडकलं तर पहिलं काम, विंचवरून हात काढा, इलेक्ट्रिक विंच असेल तर नक्कीच. रॅचेट (एकाच दिशेने फिरू देणारी खिटी) सोडलंय का बघा, हे साधं कारण खूपदा निघतं. मग ज्या दिशेने आलं त्या दिशेने परत थोडं फिरवा, दोन वेढे आत, एक बाहेर, असं हळूहळू, आउटहॉलवर ओढ ठेवून. हॅलयार्ड थोडी सैल करून बघा, कधीकधी दुमड तेवढ्याने सुटते. ड्रमवरची लाइन तुटली असेल तर बऱ्याच इन-मास्ट सिस्टिमना मास्टवरून विंच हँडल लावून फिरवायची सोय असते, ती कुठं आहे आणि हँडल कुठलं लागतं हे बंदरातच बघून ठेवलेलं बरं. आणि शीड पूर्ण गुंडाळल्यावर ड्रमवर दोन-तीन वेढे शिल्लक राहतील एवढी लाइन ठेवा, जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळलं जातं, फेरे जास्त लागतात, आणि लाइन कमी पडली तर शेवटचा तिकोनी तुकडा बाहेर फडफडत राहतो.

देखभाल म्हणाल तर गोडं पाणी, भरपूर, ड्रमवर, स्विव्हलवर, आउटहॉल कारवर. प्लॅस्टिकच्या बॉल बेअरिंगना ग्रीस लावू नका, त्यात वाळू आणि मीठ चिकटून बसतं, लावायचंच तर मॅकल्युबसारखा कोरडा स्प्रे, पण काही सिस्टिमची बेअरिंग ग्रीसवालीच असतात, म्हणून मॅन्युअल बघूनच. रिकामी इन-मास्ट मास्ट वाऱ्यात शिट्टी वाजवते, शेजारच्या बोटींना रात्रभर झोप लागत नाही, त्यासाठी खोबणीत चढवायची कापडी पट्टी मिळते, शीड सेलमेकरकडे पाठवताना ती लगेच चढवून टाका.