न दुखणारी जखम

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कॉर्नियाच्या जखमांवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग साधं औषध शोधायचं सोडून नसांमधल्या रसायनांच्या मागे का लागलात? नसा दुखवतात, जखम थोडीच भरतात!"

मलाही आधी तसंच वाटायचं. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिनी एकही नाही, पण चेतातंतू कातडीपेक्षा कितीतरी पट दाट. म्हणून तर डोळ्यात कण गेला की जीव कासावीस होतो. साधा ओरखडा बहुधा दोन-तीन दिवसांत बुजतो. पण डोळ्यावर नागीण उठून गेली, मधुमेह मुरला किंवा शस्त्रक्रियेत चेहऱ्याच्या संवेदनेची नस दुखावली, की डोळा बधिर होतो आणि तोच ओरखडा आठवडेच्या आठवडे उघडा राहतो. दुखत नाही म्हणून माणूस डॉक्टरकडेही उशिरा जातो. फ्रान्समध्ये माजांदी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1824 साली प्राण्यांची ही नस कापून पाहिली, तेव्हा त्यांचा कॉर्निया बिघडला होता.

म्हणजे हे तंतू नुसते ओरडत नाहीत, पोसतातही. त्यांच्या टोकांतून न्यूरोपेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांची निरोप्या रसायनं, झिरपतात. त्यातलं सबस्टन्स पी म्हणजे अवघ्या 11 अमिनो आम्लांची साखळी, वेदनेचा निरोप पोचवणारी म्हणून बदनाम. जपानी संशोधकांना दिसलं, की जोडीला आयजीएफ-1 हा वाढघटक दिला की वरच्या थराच्या पेशी सरकत जखम झाकू लागतात. पण हेच पेप्टाइड दाहही वाढवतं, नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून देतं. आणि कॉर्नियात रक्तवाहिनी शिरली की नजरच धूसर. त्यांनी मग साखळीची शेवटची 4 अमिनो आम्लंच वापरून पाहिली, आणि या कामाला तेवढी पुरली! हे मला अजूनही फार देखणं वाटतं.

बधिर कॉर्नियासाठी अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झालेले थेंब न्यूरोपेप्टाइडचे नाहीत, चेतातंतू वाढवणाऱ्या प्रथिनाचे आहेत. ते दिवसातून 6 वेळा, 8 आठवडे घालायचे. इतक्या वेळा थेंब घालणं किती जिकिरीचं, ते करून बघितलं की कळेल.

प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर पिपेटच्या टोकाने रेघ ओढते, पेप्टाइड घालते, दुसऱ्या दिवशी रेघ बुजत आलेली दिसते. पण बशीला पापणी नसते. खऱ्या डोळ्यात थेंब काही मिनिटांत वाहून जातो, उरलेलं पेप्टाइड अश्रूंमधली एन्झाइम तोडतात. सध्या माझे निम्मे दिवस ते टिकवण्यातच जातात.