शेण्या नदी

९ एप्रिल, रात्री साडेदहा

आज आत्याला मुद्दाम आजचाच दिवस साधून बोलतं केलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ओसरीवर पाय पसरून बसली होती, मी मोबाइल तिच्या लुगड्याच्या घोळात ठेवला आणि विचारलं, "आबा लढाईचं काय सांगायचे गं?"

"काय सांगायचं? शेण्या नदीचं सांगायचं की."

ही शेण्या नदी आम्ही पोरांनी लहानपणापासून ऐकलेली. शेणाची नदी असेल असं म्हणून खिदळायचो. आजोबा गप्प व्हायचे. मी चौथीत असताना ते गेले, आणि ते हसू मात्र माझ्याजवळ राहिलं. गेल्या वर्षी नामदेव जाधवांबद्दल वाचताना अंगावर काटा आला. इटलीतली सेनिओ नदी! ९ एप्रिल १९४५. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण रात्री नदी ओलांडत होती. दोन्ही काठांना पुराचे उंच बांध, त्यांत जर्मनांच्या मशीनगन, वाटेत सुरुंग पेरलेले. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे शिपाई. त्यांच्या तुकडीतले बहुतेक जण पाण्यातच पडले. त्यांनी दोन जखमींना एकेक करून पाठीवर घेऊन पाण्यातून, सुरुंगांतून मागे आणलं, मग परत जाऊन एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची आरोळी दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमचे आजोबा त्याच पलटणीत शिपाई होते. आज त्याला बरोबर एक्याऐंशी वर्षं झाली.

आत्याने आजोबांची एक सवय सांगितली. शेतात कुठल्याही बांधावर चढण्याआधी ते थांबायचे, काठीचं टोक मातीत दोन-तीनदा हळूच खुपसायचे, मग पाय टाकायचे. पोरांना तर बांधावरून पळूच देत नसत. "आमाला वाटायचं, इच्चवाला भ्यात्यात." हे सांगताना तिने हातातला अडकित्ता जमिनीवर तसाच टेकवून दाखवला. रेकॉर्डिंगमध्ये फक्त टक टक ऐकू येतं, म्हणून ते इथे लिहून ठेवतोय.

कागद काही उरला नाही. डिस्चार्जचं पुस्तक माळ्यावर वाळवीने खाल्लं. इटली स्टार हे लढाईचं पदक तेवढं आहे, सहा टोकांचं, लाल-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची फीत आता सगळी मातकट. आजी होती तोवर तिला मी एक शब्द विचारला नाही, याचं फार वाईट वाटतं. पैशाची मनीऑर्डर तिच्या हातात पडत होती, तार आली की तिच्याच काळजाचं पाणी होत होतं.

त्या महायुद्धात अविभाजित हिंदुस्थानातून २५ लाखांवर माणसं फौजेत गेली. जी मेली त्यांची नावं निदान दगडावर आहेत. माणगावच्या बाजूचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीतच पडले. त्यांना कबर नाही, पण कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. आपल्या साताऱ्यात अपशिंग्याला पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. पण जे जिवंत परत आले, नांगर धरला, पोरांची लग्नं केली आणि म्हातारे होऊन खाटेवर गेले, त्यांचं नाव कुठे कोरायचं? ते अशाच एखाद्या आत्याजवळ असतं. ती असेल तोवर.

म्हणून मी काही दुरुस्त करायचं नाही असं ठरवलंय. ती शेण्या म्हणते तर शेण्याच लिहायचं, शेजारी सेनिओ. तारखा आपण शोधू शकतो, ती अडकित्त्याची टक टक कुठे शोधणार?

निघताना तिने विचारलं, "माजा आवाज आला का रं त्यात?" लावून दाखवलं. कानाशी धरून पुरतं ऐकलं तिने. मी आतून चप्पल घेऊन येईपर्यंत परत पहिल्यापासून लाव म्हणाली. 'पाणी छातीला लागत होतं' या वाक्यापाशी तिने हात वर केला.

"थांबीव. छातीला नव्हं. गळ्याला. आबा असा हात लावून दावायचं," म्हणाली, आणि हनुवटीखाली बोट धरून बसून राहिली.