तुम्ही विचारलंत म्हणून: एव्हरेस्टवर असताना काय आठवलं?

दापोलीच्या एसटी स्टँडवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असतानाच विचारलं. "मरण समोर दिसत असताना असं काय आठवलं हो, की तुम्ही उठलात?" आठ-नऊ वर्षं मी याच प्रश्नावर भाषणं देतोय. शाळा, पतपेढ्या, विमा एजंटांची शिबिरं. उत्तर ठरलेलं आहे: "आईचा चेहरा." तिथं मी जरा थांबतो, टाळ्या पडतात.

आईचा चेहरा आठवला नव्हता. आणि मी उठलोही नव्हतो.

एव्हरेस्टवरून उतरताना, बाल्कनी म्हणतात त्या जागी, ८,४०० मीटरच्या आसपास मी बसलो. मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन सोडला तर एक सिलिंडर दहाएक तास जातो, हे गणित मला पाठ होतं. माथ्याखाली दोराला लटकलेल्या रांगेत किती वेळ गेला, ते गणित मात्र मी मुद्दाम केलं नाही. केलं असतं तर मागं फिरावं लागलं असतं, आणि बाबांनी बागेतली कलमं विकून पैसे उभे केले होते. सिलिंडर संपला. तिथं ऑक्सिजन आपल्या किनाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. अशा वेळी माणूस घाबरत नाही, तेच वाईट. मला तर फार बरं वाटत होतं. मी दाभोळच्या धक्क्यावर बसलो होतो आणि धोपाव्याहून फेरीबोट यायची होती. खाडीच्या मध्यावर ती दिसतही होती. लागली की चढू, तोवर कशाला उठायचं? तिकिटाला सुटे पैसे काढायला म्हणून मी उजव्या हाताचा मोजा काढला. ही तीन बोटं त्या सुट्या पैशांपायी गेली. (भाषणात मोजा वाऱ्यानं उडतो.)

माझ्याबरोबरच्या शेर्पानं आधी हाका मारल्या, मग लाथ घातली. मी त्याला चक्क मराठीत सांगत होतो, "बोट लागू दे रे, मग जाऊ." त्यानं सूटवरूनच मांडीत डेक्सामेथासोनचं, म्हणजे मेंदूची सूज उतरवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन खुपसलं, स्वतःचा सिलिंडर काढून माझ्या नळीला जोडला आणि ढकलत, ओढत, शिव्या देत मला साउथ कोलपर्यंत, शेवटच्या तळाच्या खिंडीपर्यंत, खाली नेलं. जवळजवळ पाचशे मीटरचा उतार. वाटेत एकदा तोच बसला. मान खाली घातलेली. मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो, आणि मला काही वाटलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खरंच काही वाटलं नाही. थोड्या वेळानं तो आपला आपण उठला.

खाली आल्यावर त्यानं एकच मागितलं, नाव घेऊ नकोस. गिऱ्हाइकाला सिलिंडर संपेपर्यंत वर राहू दिलं हे मालकाला कळलं, तर पुढच्या मोसमाला काम नाही. मी शब्द पाळला. इतका पाळला, की वर्ष-दोन वर्षांत माझ्या भाषणातून तो माणूसच नाहीसा झाला.

खोटं बोलून पैसे मिळवले म्हणाल, तर मिळवले. या हातानं आंबे उतरवायचा झेला धरता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं उरलीसुरली बाग आडवी केली, तेव्हापासून घर भाषणांवरच चाललंय. आणि दहावीला आपटलेली जी पोरं माझं ऐकून पुन्हा परीक्षेला बसली, त्यांना काय सांगू? तुमचं पास होणं रद्द?

हे सगळं मी मनाशी छान जुळवून ठेवलं होतं. मग हर्णैला मच्छीमारांपुढं बोललो. मन घट्ट असेल तर मरण माघार घेतं वगैरे. नंतर चहाला एक म्हातारा तांडेल शेजारी येऊन बसला. "फयान वादळात माझा भाऊ गेला. त्याचं मन काय पातळ होतं?" आवाज चढवला नाही त्यानं. मी माझं हुकमी पान काढलं: बेक वेदर्स. मे १९९६, साउथ कोल, मेला समजून सोडून दिलेला अमेरिकन डॉक्टर. तो उठला आणि तंबूंपर्यंत चालत आला. त्याला बायको-मुलं दिसली, असं तो सांगतो. (माझी आई मी बहुधा तिथूनच उचलली.) म्हातारा म्हणाला, "एकटाच होता काय?"

एकटा नव्हता. शेजारी यासुको नाम्बा पडली होती. सात खंडांची सात शिखरं तिनं पुरी केली होती, एव्हरेस्ट हे सातवं. ती उठली नाही. तिचं मन पातळ होतं असं कोण म्हणेल? मी म्हणत आलोय, नाव न घेता, दर भाषणात.

पण मग वेदर्स उठला कसा? त्याला तर कुणी लाथ घातली नव्हती. इथं माझी गाडी अडते. त्याला बायको-मुलं दिसली असतील. मला बोट दिसली. आणि बोट दिसली म्हणून मी बसून राहिलो.

गेल्या महिन्यात एका कॉलेजात बोटीची गोष्ट सांगून पाहिली. पोरं खदाखदा हसली, मग शेर्पाबद्दल चार प्रश्न आले, असे प्रश्न मला कधी आले नव्हते. आयोजक मात्र गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "सर, ते आईचं का नाही घेतलंत? त्याच्यासाठीच बोलावलं होतं." शनिवारी पुन्हा भाषण आहे. काय सांगेन, अजून ठरत नाही.

आईनं ते भाषण एकदा पहिल्या रांगेत बसून ऐकलंय. तेव्हापासून वाडीत कुणी पाहुणा आला की ती सांगते, "तिकडे वर त्याला मीच दिसले." आता तिला वाचता येत नाही, मोतीबिंदू आहे; मी लिहिलेलं शेजारची सून मोबाइलवर वाचून दाखवते. आज त्या सुनेला आधीच गाठायला हवं. म्हणावं, बोटीचं वाच, म्हाताऱ्याचं वाच, चेहऱ्याचं तेवढं गाळ.