डंबेल घेताना मी सगळ्यात लहान प्लेट आधी बघितली

दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "ताई, किती किलोचा सेट देऊ?" वीस, तीस, पन्नास. मला वेगळंच विचारायचं होतं: वजन एका वेळी कमीत कमी कितीनं वाढवता येईल?

लातूरच्या आमच्या घरात डंबेल वापरणाऱ्या आम्ही तिघी: मी, जाऊबाई आणि कॉलेजात जाणारी पुतणी. तिघींचं उचलायचं वजन वेगळं, जागा एका कोपऱ्याएवढी, म्हणून वजन कमीजास्त करता येणारेच हवे होते. खांद्याच्या व्यायामाला मी एका हातात ५ किलो घेते. पुढची पायरी साडेसातची असेल तर एकदम ५० टक्के वाढ. खांदा ती सोसत नाही.

सासूबाईंना हे पटेना. "पाच किलोचं काय घेऊन बसलीस? भरली घागर काखंत घेऊन किती लांबून यायचो आम्ही!" खरंच आहे ते. १५ लिटरची घागर म्हणजे १५ किलो पाणी, आणि २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात घागरी-हंडे आम्हीही वाहिले. पण घागर कमरेवर टेकते. डोक्याच्या वर हात सरळ करून वजन न्यायचं तर बराचसा भार खांद्याच्या स्नायूंवर येतो.

टोकाची डायल फिरवून वजन बदलणारे डंबेल मला आवडले होते. बोफ्लेक्स कंपनीचं ५५२ मॉडेल ५ पासून ५२.५ पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण २.३ ते २३.८ किलो जातं आणि बदल क्षणात होतो. पण वजन कमी केलं तरी त्याची लांबी तेवढीच राहते, आणि आपटलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. शिवाय जून २०२५ मध्ये अमेरिकेत ५५२ आणि १०९० ही दोन्ही मॉडेल्स, सुमारे ३८ लाख नग, वापरताना प्लेट निसटत असल्यामुळे परत मागवली गेली. डोक्यावर धरायची वस्तू आहे ही! मी साध्या प्रकारावर आले: आट्यांचा रॉड, टोकांना प्लेट चढवायच्या आणि नटानं आवळायच्या.

प्लेटमध्ये दोन प्रकार दिसले. सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या स्वस्त, पण त्याच वजनाला बिडाच्या प्लेटपेक्षा कितीतरी जाड; दोन-तीन चढवल्या की रॉड संपतो आणि नटाला आटेच उरत नाहीत. बिडाच्या घेतल्या. भोक रॉडवर बसतं का, नट शेवटपर्यंत हातानं फिरतो का, नटाच्या आत रबरी रिंग आहे का, हे दुकानातच बघितलं. रबर नसेल तर हालचालीनं नट हळूहळू सैल होतो.

रॉडही काट्यावर ठेवायला लावला. दोन नटांसह २ किलो भरला. हे वजन धरलं नाही तर सगळा हिशेब चुकतो. ५ किलोला दोन्ही टोकांना दीड-दीड किलो लागतं, ६ ला दोन-दोन. म्हणजे अर्ध्या किलोच्या प्लेट हव्याच, आणि जोडीला चार टोकं म्हणून चार. त्या दुकानात नव्हत्या. दुकानदार म्हणाले, "सव्वा किलोच्या घेऊन जा, ताई, चालतंय." पण त्यांनी पायरी पुन्हा अडीच किलोचीच झाली असती. मी थांबले, अर्ध्या किलोच्या मागवून घेतल्या.

आता खांद्याला मी ६ वर आहे. जाऊबाईंचं वजन वेगळं, त्यामुळे दरवेळी नट काढण्यात वेळ जातो; रॉडची दुसरी जोडी सांगून ठेवली आहे. प्लेट याच चालतील.