ओटा ओला राहू द्या

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांकडे जातो. घरात पंखा पाचवर, कूलर जोरात. अशा वेळी ओट्यावर जंतुनाशक फवारलं की बघता बघता ओटा कोरडा होतो आणि काम झालंसं वाटतं. खरं तर तिथेच काम अर्धवट राहतं, कारण जंतू मरतात ते पृष्ठभाग ओला असेपर्यंतच. किती वेळ, ते बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. कुठे १ मिनिट, कुठे ४, कुठे १०. तेवढा वेळ पंखा बंद ठेवा, कूलरचा झोत दुसरीकडे वळवा, आणि मध्येच वाळलं तर पुन्हा लावा.

रविवारी सावजी चिकनचा बेत असला की कच्च्या चिकनचं लालसर पाणी ओट्यावर सांडतंच. त्यावर थेट ब्लीच ओतू नका. रक्त आणि चरबीतच ब्लीचची ताकद संपते, जंतूंसाठी काही उरत नाही. आधी साबणाने घासा, पाण्याने धुवा, मग ब्लीचचं पाणी लावा. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्के लिहिलं असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली, म्हणजे चहाचे ४ चमचे, पुरतं. जास्त घातल्याने फायदा होत नाही. हात जळजळतात, स्टीलच्या सिंकवर डाग पडतात. पाणी मात्र दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं, हाताला चटका देणारं घेऊ नका. सकाळी भरून ठेवलेलं घ्या. १० मिनिटं ओलं ठेवा, मग साध्या पाण्याने धुऊन काढा. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका.

ब्लीचची बाटलीसुद्धा उन्हाने मरते. टिनाच्या शेडखाली किंवा माळ्यावर उन्हाळाभर ठेवलेल्या बाटलीत लेबलावरची ताकद उरत नाही. लहान बाटली घ्या, उत्पादनाची तारीख पाहा, सावलीत ठेवा.

आता सगळ्यात घातक चूक. बोअरच्या पाण्याने संडासात पांढरा थर बसतो, म्हणून अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर ओततात आणि वास जावा म्हणून वरून ब्लीच. या दोघांच्या मिलाफातून क्लोरीन वायू सुटतो. लूच्या भीतीने खिडकी बंद, जागा एवढीशी. घशात जळजळ, डोळ्यांत पाणी, मग छातीत आवळल्यासारखं होतं. असं झालं तर आणखी काही ओतत बसू नका. दार उघडं टाकून बाहेर या, मोकळ्या हवेत थांबा, श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा. ब्लीच फक्त पाण्यातच मिसळायचं. फिनाईलमध्ये नाही, व्हिनेगरमध्ये नाही, अमोनियावाल्या काच-क्लीनरमध्येही नाही.

वाइप्सचं गणितही ओलेपणाचंच. एकाच वाइपने ओटा, फ्रिजचं हँडल आणि दाराची कडी पुसली तर शेवटी तो वाइप जंतू मारत नाही, इकडचे तिकडे नेतो. वाइप कोरडा वाटला की दुसरा घ्या. तापलेल्या गाडीत ठेवलेलं पाकीट सुकतं, आणि त्यात पाणी शिंपडून औषध परत येत नाही. बाळाचे वाइप्स जंतुनाशक नसतात. अल्कोहोलचे असतील तर गॅस आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब वापरा. कोणताही वाइप संडासात टाकू नका, पाइप तुंबतो.

घरात मांजर असेल तर काळं फिनाईल आणूच नका. त्यातले फिनॉल मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत, आणि ओल्या फरशीवरून चालल्यावर ते पंजे चाटतंच.

सुटं फिनाईल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणं तर आजच थांबवा. पाण्यात ते दुधाळ दिसतं, तहानलेलं पोर सरळ तोंडाला लावतं. तसं घडलंच तर उलटी करवू नका, तोंड धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. जाताना बाटली सोबत न्या. त्यावर मूळ लेबल असेल तरच डॉक्टरांना कळेल की पोटात काय गेलंय.