बीडनेलचे किनारे: आई, सई आणि मोत्यासह पाच दिवस

इंग्लंडात कुत्रा पाळला की उन्हाळ्याच्या तोंडावर दरवर्षी तोच प्रश्न: याला समुद्रावर न्यायचं कुठे? गर्दीच्या बऱ्याच किनाऱ्यांवर, निदान त्यांच्या मुख्य भागात, 1 मे ते 30 सप्टेंबर कुत्र्यांना बंदी असते. मुलांना सुट्टी असते आणि हवा बरी असते ते नेमके हेच महिने. आमच्या घरी सात वर्षांची सई आहे आणि मोत्या नावाचा लॅब्रॅडॉर आहे. यंदा गुहागरहून आईही आली होती, दोन्ही गुडघे दुखणारी. या तिघांना एकत्र नेता येईल असा समुद्र शोधत आम्ही मे अखेरच्या आठवडाभराच्या शाळेच्या सुट्टीत नॉर्थम्बरलंडमधल्या बीडनेल गावी गेलो. या भागातले बॅम्बरा, बीडनेल, एम्बल्टन हे लांबरुंद किनारे कुत्र्यांना बारा महिने मोकळे आहेत. तरी पार्किंगपाशी लावलेला फलक वाचूनच खाली उतरा, कारण काही टापूंत पट्टा बांधणं गरजेचं असतं.

लीड्सहून गाडीने अडीच-तीन तास लागले. गाडी नसेल तर न्यूकॅसलच्या पुढे अल्नमथ स्टेशनला उतरा आणि एक्स-18 बस पाहा. ती क्रास्टर, बीडनेल, सीहाउसेस, बॅम्बरा अशी किनाऱ्याच्या गावांतून जाते. रेल्वेत प्रत्येक प्रवाशाला दोन कुत्री फुकट नेता येतात. मोठा किराणा आणि फिश अँड चिप्स सीहाउसेसला मिळतात. बीडनेलमध्ये दुकानं मोजकीच आहेत, म्हणून पहिल्या रात्रीची सोय बरोबर असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे दिवस घड्याळावर आखू नका, भरती-ओहोटीवर आखा. उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत साधारण 4 मीटरचा फरक पडतो. पूर्ण भरतीला बॅम्बराला कोरड्या, भुसभुशीत वाळूची पट्टी उरते. पहिल्या दिवशी दुपारी साडेतीनला आम्ही आधी तिथेच उतरलो तेव्हा नेमकं तेच झालं. आईचे पाय घोट्यापर्यंत रुतत होते आणि दहा मिनिटांत ती टेकडीच्या पायथ्याशी बसली. दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्याच जागी ओली, घट्ट वाळू पसरली होती, फरशीसारखी. तिच्यावरून आई काठीशिवाय पाऊण तास चालली. बाबागाडी असेल त्यांनाही हीच वेळ साधायला हवी. ओहोटीच्या दीडएक तास आधी खाली उतरावं आणि पाणी फिरलं की परतीला लागावं.

आईने पहिल्याच रात्री हिशेब मांडला. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पौर्णिमेला बाराच्या आसपास. इथे ते गणित चारेक तासांनी चुकतं. एक तर किनारा वेगळा, त्यात उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे असतात. पण बाकीचं सगळं जुळतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग म्हणजे सगळ्यात कमी भरती-ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तासाने पुढे. आम्ही पौर्णिमेला पोचलो होतो. उधाणाच्या दिवसांत इथे सकाळी साडेनऊ-दहाला ओहोटी असते, पुढच्या दिवसांत ती सरकत दुपारपर्यंत येते. नाश्ता करून निघणाऱ्या कुटुंबाला याहून सोयीचं काय हवं? नेमक्या मिनिटांसाठी अर्थात छापील तक्ताच पाहायचा.

बीडनेलचा उपसागर घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे. उत्तरेच्या टोकाला छोटं बंदर, शेजारी 18व्या शतकाच्या अखेरीच्या चुन्याच्या भट्ट्या. हे बंदर पूर्व किनाऱ्यावर असूनही त्याचं तोंड पश्चिमेला आहे. आई संध्याकाळी सातच्या उन्हात भट्टीच्या दगडांना पाठ टेकून बसायची आणि त्या कमानींत ठेवलेले खेकड्यांचे सापळे पाहत राहायची. गाडीतळ आणि स्वच्छतागृह बंदराजवळच आहे, म्हणून पहिला मुक्काम इथेच करा. लाटा बॅम्बरापेक्षा सौम्य असतात. पाणी मात्र मे अखेरीस 10 अंशांच्या आसपास असतं आणि ऑगस्टातही 13-14च्या वर फारसं जात नाही. सईला वेटसूट घातला म्हणून ती अर्धा तास खेळली. हवा भरायच्या नावा, गाद्या घरीच ठेवा. जमिनीकडून वारा सुटला की त्या बघता बघता आत जातात. कोणी अडचणीत दिसलं तर 999 फिरवून कोस्टगार्ड मागायचा.

या उपसागराच्या मधोमध लाँग नॅनी नावाचा ओढा समुद्राला मिळतो. त्याच्या मुखाशी उन्हाळ्यात आर्क्टिक टर्न आणि लिटल टर्न वाळूवर अंडी घालतात. आपल्या सुरय पक्ष्याचे हे भाऊबंद. आर्क्टिक टर्न तर अंटार्क्टिकाच्या समुद्रापासून उडत येतात. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, आणि अंडी शेजारच्या गोट्यांसारखीच ठिपकेदार. नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेचे रेंजर विणीच्या काळात रात्रंदिवस पहारा देतात. आम्ही दोरीच्या कुंपणापासून बरेच अलीकडे होतो, मोत्या मोकळा होता आणि चेंडूमागे धावता धावता थेट तिकडे निघाला. मी हाका मारत पळाले. एका रेंजर बाईने शिट्टी घातली तसा तो थबकला. तिने मला शांतपणे दुर्बीण दिली. कुंपणापलीकडे एक लिटल टर्न बसली होती, मुठीत मावेल एवढी, पिवळ्या चोचीची. कुत्रा नुसता जवळून गेला तरी पक्षी उठतात आणि तेवढ्यात अंडी गार पडतात किंवा गल पक्षी उचलून नेतात, असं तिने सांगितलं. तो दिवस माझ्या मनातून जात नाही. मे ते ऑगस्ट बीडनेलहून दक्षिणेकडे चालत असाल तर ओढा दिसायच्या खूप आधीच पट्टा बांधा. मोकळं सोडायचं असेल तर बंदराकडचा भाग आहे, बॅम्बरा आहे.

मोत्यासाठी सगळ्यात उत्तम बॅम्बराच. मागे काळ्या कातळावर किल्ला, समोर फार्न बेटं आणि मैलोन्मैल वाळू. उत्तरेला स्टॅग रॉकपाशी, जिथे खडकावर पांढरं हरीण रंगवलं आहे, ओहोटीला खडकांत डबकी राहतात. सई आणि आई तिथे कुर्ल्या शोधत दोन तास रमल्या. खडक शेवाळलेले असतात, घट्ट तळव्याचे बूट घाला. त्यापलीकडच्या बड्ल बेच्या चिखलात मात्र उतरू नका. भरती तिथे झपाट्याने शिरते.

गावात ग्रेस डार्लिंगचं छोटं संग्रहालय आहे. 7 सप्टेंबर 1838 रोजी फॉरफारशर ही बोट वादळात फुटली तेव्हा 22 वर्षांची ग्रेस दीपगृह सांभाळणाऱ्या वडिलांबरोबर वल्हवत गेली आणि नऊ जण वाचले. चारच वर्षांनी ती क्षयाने गेली. तिची कबर समोरच्या चर्चच्या आवारात आहे. आईने तिथे हात जोडले.

लो न्यूटनला गाडी वरच्या तळावर लावून खाली चालत जावं लागतं. उतार बेताचा आहे, पण परतताना आईला दोनदा थांबावं लागलं. खाली चौकाच्या तिन्ही बाजूंना पांढरी बैठी घरं आणि समोर खडकांच्या रांगेने अडवलेलं शांत पाणी. चिमुकल्या मुलांसाठी मला हाच किनारा सगळ्यात आवडला. चालणारे तरुण असाल तर इथून एम्बल्टनच्या वाळूवरून डन्स्टनबरा किल्ल्याकडे जा. आम्ही क्रास्टरच्या बाजूने गेलो, सुमारे 2 किलोमीटर, गवतातून. तिथे मेंढ्या चरतात, पट्टा सोडू नका. क्रास्टरला ओकच्या भुश्यावर धुरावलेले हेरिंग मिळतात, त्यांना किपर म्हणतात. आईने वास घेऊनच पसंती दिली. काटे मात्र आपल्या पाला माशाइतके बारीक आणि पुष्कळ, मुलांना निवडून भरवा. नीट बांधून घ्या, गाडीत कुत्रा आहे.

फार्न बेटांवर पफिन पक्षी पाहायचे तर सीहाउसेसहून बोट आहे. बेटांवर कुत्र्यांना मुळीच उतरता येत नाही. आम्ही वाटणी केली. मी आणि सई बोटीने गेलो, नवरा आणि आई मोत्याजवळ थांबले. टोपी विसरू नका, बेटावर टर्न थेट डोक्यावर चोच मारतात.

चौथ्या दिवशी समुद्रावरून धुकं आलं. इथले लोक त्याला फ्रेट म्हणतात. अशा वेळी किनाऱ्यावर वाट पाहत बसू नका. थोडं आत गेलं की बहुधा ऊन असतं. आम्ही अल्निकला जुन्या रेल्वे स्टेशनात थाटलेल्या बार्टर बुक्स या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. तिथे कुत्र्यांना आत घेतात. मोत्या टेबलाखाली झोपला.

बरोबर ठेवा: प्यायचं पाणी (कुत्रा खारं पाणी प्यायला की उलट्या होतात), विष्ठेच्या पिशव्या, गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता, जो इथे कायद्यानेच लागतो, आणि म्हाताऱ्या माणसासाठी घडीची खुर्ची. वाळूवर पडलेल्या जेलीफिशला कोणालाही हात लावू देऊ नका, मेलेलीही डंख मारते.

होली आयलंड राहिलं. तिथला रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, आणि आमच्या दिवसांत मोकळ्या वेळा आईच्या विश्रांतीशी जुळल्या नाहीत. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर आईने कालनिर्णय उघडलं होतं. पुढच्या मे अखेरीला तिथी कोणती येते ते ती सईला बोटांवर मोजायला शिकवत होती.