साडेसतरा नळी ते लोणी काळभोर, पाटाच्या कडेने

रविवारी उजाडताच पुण्याच्या पूर्वेला, हडपसरजवळच्या साडेसतरा नळीपाशी सायकल पाटाच्या भरावावर घातली. गावाला असं नाव का, हे दोघांना विचारलं. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. म्हटलं, जाऊ दे.

हा जुना मुठा उजवा कालवा. इकडे सगळे त्याला बेबी कॅनॉल म्हणतात. पूर्वी यात खडकवासल्याचं पाणी यायचं. ते आता पुणं पितं आणि शेतीसाठी मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी यात सोडतात. पाणी काळपट होतं. शंभरेक मीटरवर मी नाकाला रुमाल बांधला.

मांजरीला आत्याकडे चहाला थांबलो. शेजारची मेथी दाखवायला ती घेऊन गेली. आठ-दहा गुंठ्यांचा तुकडा. एका बाजूला अकरा मजले, दुसऱ्या बाजूला पत्र्याचं गोदाम.

"आत्या, याला पाणी कुठून देतात?"

"टँकरनं. चारीच बुजवली ना."

चारी म्हणजे पाटाचं पाणी शेतात नेणारा छोटा चर. हे सगळं मला आजवर नीट कळलंच नव्हतं. शेत काही एका झटक्यात जात नाही. वरच्या अंगाचा शेतकरी जमीन विकतो, घेणारा कंपाउंडची भिंत घालतो, भिंतीखाली चारी जाते. मग खालच्याची पाण्याची पाळी असली तरी पाणी पोचत नाही. ट्रॅक्टर न्यायची वाटही त्याच भिंतीत अडकते. दोन वर्षं तो भांडतो, तिसऱ्या वर्षी विकतो. त्याच्या खालच्याचं काय होणार, हे तिथंच ठरतं.

इथून जवळच मगरपट्टा आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी सुमारे चारशे एकर एकत्र ठेवून स्वतःच वसाहत उभी केली. शेती तिथेही गेलीच, पण जमिनीचे तुकडे पडले नाहीत. मांजरीत मात्र गुंठ्यागुंठ्याने चाललंय.

साडेसतरा नळी २०१७ ला महापालिकेत गेली. मांजरी बुद्रुक आणि शेवाळेवाडी २०२१ ला. प्लॉटिंग त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं. लोणी काळभोर अजून ग्रामपंचायतीत आहे, पण पाटाच्या दोन्ही अंगांना चुन्याच्या रेघा आणि 'एनए प्लॉट'चे (बिगरशेती प्लॉटचे) फलक तिथेही दिसले. मधेच उसाचा एक फड लागला. सायकल टेकवून उगाच दहा मिनिटं त्याच्या सावलीत बसलो. पाचटाच्या वासानं नाक जरा मोकळं झालं.

परतताना आत्यानं मेथीच्या दोन जुड्या हातात दिल्या. "आताच घेऊन जा, पुढच्या खेपेला असेल-नसेल," म्हणाली. तिच्या घरामागे पाटावर चारीचं जुनं दार आहे. लोखंडी, चाक फिरवून उघडायचं. चाक अजून फिरतं. मी फिरवून पाहिलं. दारासमोर हातभर अंतरावर सोसायटीची भिंत आहे, आणि चाकावर वॉचमननं टॉवेल वाळत घातला होता. तो मी परत नीट टाकून ठेवला.